हँडब्रेकची गोळी

माझे भाऊजी, म्हणजे माझ्या थोरल्या बहिणीचा नवरा, लांब पल्ल्याची बस चालवतात. डेपोत त्यांना सगळे ‘घड्याळ’ म्हणतात. तोंडावर कुणी म्हणत नाही, पण त्यांना ते माहीत आहे आणि आतून आवडतंही. मी त्याच स्टँडवर घोषणा करते. काचेची खोली, एक माइक, एक फोन आणि बसून बसून चपटी झालेली उशी. अमुक गाडी फलाटावर लागली आहे, तमुक गाडी उशिराने येत आहे, आपापलं सामान सांभाळा. नोकरीला लागल्यापासून मी डेपोतल्या प्रत्येक ड्रायव्हरच्या गाडीला कधी ना कधी ‘उशिराने’ म्हटलेलं आहे. भाऊजींच्या गाडीला एकदाही म्हटलं नव्हतं.

त्यांना या गोष्टीचा ताठा होता. हे मी त्यांना समोरासमोर ऐकवलेलं आहे, तेव्हा इथे लिहायला माझ्या बापाचं काय जातंय? गाडी फलाटाला लावून उतरताना ते माझ्या काचेकडे बघून एक भुवई उडवायचे. आजही बोलावं लागलं नाही ना, असा त्याचा अर्थ. मी तोंड वाकडं करायची. हा आमचा रोजचा नमस्कार होता.

पण माणूस सोन्यासारखा, तेही सांगायला हवं. डेपोत ते सुरुवातीला गाड्या धुण्याच्या कामावर लागले आणि धुता धुता त्यांनी प्रत्येक गाडीचं दुखणं-खुपणं ओळखून घेतलं. ब्रेक असा लावतात की मागच्या सीटवर झोपलेल्या म्हातारीची मान हलत नाही. खड्ड्यात चाक गेलं तर पुटपुटतात, आणि ते प्रवाशांशी नव्हे, गाडीशी. घरी मात्र एक खुर्ची सरळ लावता येत नाही. ताई म्हणते, सगळी शिस्त फलाटावर उतरवून येतात.

आता त्या गोळीबद्दल. लांब पल्ल्याच्या ड्रायव्हरला पोट बिघडणं परवडत नाही. घाटात वळणावळणाला चाळीस माणसं तुमच्या हातात असतात. मधेच गाडी उभी करून ‘जरा येतो’ म्हणायची कुणाला लाज वाटते, तर कुणाला तेवढ्यात झुडूपही सापडत नाही. म्हणून आमच्या डेपोत एक रीत पडून गेली होती. पोट ढिलं वाटलं की जुलाब थांबवायची एक बारकी गोळी घ्यायची आणि गाडी काढायची. तिला सगळे ‘हँडब्रेक’ म्हणतात. जुना ड्रायव्हर नव्याला गिअर कसा टाकायचा ते शिकवतो, त्याच दिवशी हँडब्रेकही खिशात ठेवायला सांगतो. भाऊजींच्या गणवेशाच्या खिशात कंगवा, पेन आणि हँडब्रेकचं पाकीट कायम असायचं. ताई इस्त्री करताना ते काढून ठेवायची आणि पुन्हा जागच्या जागी घालायची. तिला ती डोकेदुखीची गोळी वाटायची.

सगळं सुरू झालं दाढेपासून. भाऊजींचा गाल असा सुजला की आरशात बघून त्यांनाच हसू आलं. दातांच्या डॉक्टरांनी दाढ साफ केली आणि अँटिबायोटिकच्या कॅप्सूल दिल्या. भाऊजींनी त्या सांगितल्याप्रमाणे संपवल्या. सूज उतरली, गाल जागेवर आला. इथवर सगळं ठीक होतं. पण त्या कॅप्सुलांवर त्यांचा असा विश्वास बसला, जसा नव्या जावयावर बसतो. पुढे काही आठवड्यांनी त्यांना साधी सर्दी झाली, घसा धरला. ताई म्हणाली, “गरम पाण्याच्या गुळण्या करा.” हे म्हणाले, “गुळण्या करत गाडी चालवू का?” आणि औषधाच्या दुकानात जाऊन कॅप्सुलांचं रिकामं पाकीट दाखवून तेच पुन्हा घेऊन आले. दुकानदारानेही मुकाट्याने दिलं. दोघांनाही त्यात काही वावगं वाटलं नाही, याचा मला आजही राग येतो.

घसा बरा झाला. तो एरवीही झालाच असता. मग पोट बिघडलं.

सुरुवातीला त्यांनी कुणाला काही सांगितलं नाही. डेपोच्या संडासात जाऊन यायचे, हँडब्रेक घ्यायचे आणि गाडी काढायचे. गोळीचा असर उतरला की पुन्हा पाण्यासारखे जुलाब, पोटात पिळवटून कळा, अंगात कणकण. मग एका गोळीच्या दोन झाल्या. त्यांच्या गाडीवरचा कंडक्टर चांगला धट्टाकट्टा, बडबड्या माणूस. तो त्यांना म्हणाला, “घामाघूम झालायत तुम्ही, सुट्टी टाका ना.” भाऊजी म्हणाले, “तू तिकिटं फाड.”

आणि एक दिवस जुलाब थांबले. अगदी बंद. भाऊजी खूश. घरी ताईला म्हणाले, “झालो बरा.” ताई म्हणाली, “मग शर्टाचं बटण का लागत नाहीये?” पोट फुगलं होतं. गॅस झालाय, म्हणाले, आणि ड्यूटीवर गेले.

त्या दुपारी त्यांची गाडी वेळेवर आली. फलाटाच्या पट्टीला अगदी सरळ लागली. प्रवासी उतरले, सामान उतरलं. मी तोंड वाकडं करायच्या तयारीत काचेतून बघत होते, पण ड्रायव्हरच्या बाजूचं दार उघडेना. कंडक्टर पुढून वळसा घालून धावला, दार त्याने उघडलं, आणि भाऊजी स्टिअरिंगवर डोकं टेकवून बसलेले मला दिसले. मी जोरात “भाऊजी!” म्हणून ओरडले आणि पळत सुटले. माइक चालूच होता. माझी किंकाळी आणि खुर्ची आपटल्याचा आवाज सगळ्या स्टँडने ऐकला. त्यामुळे एक मात्र झालं, उचलायला माणसं कमी पडली नाहीत.

दवाखान्यात त्यांना तपासायला एक तरुण डॉक्टरीण आली. तिने पोटावर हात ठेवला आणि तिचा चेहरा बदलला. पोट ताणून टणक झालं होतं.

“काका, गेल्या एक-दोन महिन्यांत कुठलं अँटिबायोटिक घेतलं होतं?”

“नाही,” भाऊजी म्हणाले. खोटं बोलत नव्हते. त्यांच्या लेखी ते दाताचं औषध होतं.

“दाढेच्या कॅप्सूल घेतल्या,” ताई म्हणाली. “आणि सर्दीला पुन्हा त्याच.”

“आणि जुलाबांवर काही घेतलं?”

भाऊजी छताकडे बघायला लागले. कंडक्टर अजून दारातच उभा होता. त्याने भाऊजींच्या शर्टाच्या खिशातून पाकीट काढून डॉक्टरच्या हातात दिलं आणि म्हणाला, “हँडब्रेक.” डॉक्टरने ते उलटसुलट करून पाहिलं. बरंचसं रिकामं होतं. ताईने त्या पाकिटाकडे पाहिलं. इतकी वर्षं ती ते आपल्या हाताने खिशात घालत आली होती. ती खाली बसली.

शौचाची तपासणी झाली, पोटाचे फोटो काढले, आणि मग डॉक्टरने आम्हाला समोर बसवून समजावलं. चांगलं समजावलं, म्हणून मला जसंच्या तसं आठवतं.

ती म्हणाली, “आपल्या आतड्यात कोट्यवधी जंतू राहतात, आणि त्यातले बहुतेक आपल्या कामाचे असतात. अँटिबायोटिक घेतलं की ज्याच्यासाठी घेतलं तो जंतू मरतो, पण त्याच्याबरोबर हे चांगलेही मरतात. काही जणांच्या आतड्यात सी डिफ नावाचा एक जंतू कुठून तरी येऊन पडलेला असतो. एरवी चांगले जंतू त्याला वर डोकं काढू देत नाहीत. ते गेले की याला रान मोकळं मिळतं. मग तो वाढतो आणि विष सोडतो. त्या विषाने आतडं सुजतं. जुलाब त्याचेच होते.”

भाऊजी डोळे मिटून पडले होते. आम्हाला वाटलं झोपले. ते क्षीण आवाजात म्हणाले, “म्हणजे रोजचे पासवाले सगळे उतरवले, आणि एक गुंड मागच्या सीटवर लपून बसला होता तो गाडीभर पसरला.”

“अगदी तसंच,” डॉक्टर म्हणाली. “आणि अशा वेळी तुम्ही गाडीची दारं बंद करून टाकलीत. साधं पोट बिघडलं तर ती गोळी एखाद्या वेळी चालते. पण ताप आहे, कळा आहेत, मागे अँटिबायोटिक झालंय, तर विचारल्याशिवाय घ्यायची नसते. विष बाहेर पडायचं ते आतच कोंडलं. जुलाब थांबले ते तुम्ही बरे झालात म्हणून नाही. आतड्याने काम सोडलं म्हणून.”

मग तिने पुढचं सांगितलं. औषध सुरू करायचं. सर्जन रोज पोट बघतील. सूज उतरली तर उत्तम. नाही उतरली, आतडं फाटायची भीती वाटली, तर मोठं आतडं काढून टाकावं लागेल आणि पोटाला पिशवी लावावी लागेल. भाऊजींनी एकच विचारलं, “मग घाटात गाडी चालवता येईल?” डॉक्टर म्हणाली, “तो विचार नंतर करू.” भाऊजींना गाडी फिरवायला जागा हवी असली की ते मागे बघतात, तसं त्यांनी ताईकडे पाहिलं.

“औषध काय आहे?” त्यांनी विचारलं.

“अँटिबायोटिकच. पण वेगळं.”

झालं. आमच्या घड्याळाची चावीच अडकली. “नको,” म्हणाले. “ज्यानं गाडी दरीत घातली त्याच्याच हातात परत स्टिअरिंग द्यायचं? मी नाही घेणार.” डॉक्टरने सांगून पाहिलं की हे औषध तोंडाने घेतलं की रक्तात फारसं जातच नाही, आतड्यातच राहून त्या जंतूला गाठतं. मीही माझा माइकवरचा आवाज लावून पाहिला. ते भिंतीकडे तोंड करून पडले. इतका तापट, हट्टी माणूस मी दुसरा पाहिलेला नाही आणि आमच्या घरात उमेदवार कमी नाहीत.

माझी ताई भांडत नाही. तिचा आवाज शेजारच्या खोलीतही जात नाही. ती उठली, नर्सकडून औषधाची वाटी घेतली आणि त्यांच्या तोंडाशी नेली.

“अहो, इकडे बघा. जन्मभर परक्या माणसांना त्यांच्या घरी सोडलंत. मी कधी काही बोलले नाही. आता मला घरी न्या. मला एकटीला इथून परत जायचं नाहीये.”

भाऊजींनी वाटी घेतली आणि एका दमात संपवली. तोंड वेडंवाकडं करून म्हणाले, “कडू आहे.” ताई म्हणाली, “असू दे.” आणि मग बाहेरच्या बाकावर येऊन माझ्या खांद्यावर डोकं ठेवून रडली. तिला कधी रडताना न पाहिल्यामुळे मी घाबरले होते. मला वाटत होतं की हा माणूस आता जातो.

त्या दवाखान्यात माझीही चंपी झाली. मी पर्समध्ये हाताला चोळायच्या जेलची बाटली ठेवते. खोलीत जाता-येता खसाखसा चोळायची आणि स्वतःला फार शहाणी समजायची. तिथल्या वयस्कर नर्सबाई म्हणाल्या, “बाई, ती बाटली ठेवा आत. हा जंतू कवच घालून बसतो, जेलनं त्याचं काही होत नाही. साबण लावा, चांगलं चोळा, वाहत्या पाण्याखाली धुवा. तो मरत नाही, पण वाहून जातो.” त्यांच्यापुढे मी शाळेतल्या मुलीसारखी उभी राहून हात धुतले. मनगट राहिलं म्हणून पुन्हा धुवायला लावले.

सर्जन रोज यायचे, पोटावर बोटांनी ठोकायचे आणि विचारायचे, “गॅस सरला का?” तो सरला म्हणजे आतडं पुन्हा कामाला लागलं. भाऊजी शरमेने चूर व्हायचे. बायको आणि मेहुणी समोर असताना हे काय विचारतात! पण मग आम्हीही विचारायला लागलो. कंडक्टर भेटायला आला की दारातूनच विचारायचा. अख्ख्या डेपोचं लक्ष भाऊजींच्या पोटाकडे लागलं होतं. अखेर एका सकाळी मी माझ्या काचेच्या खोलीत बसले असताना फोन वाजला. ताई होती. ती म्हणाली, “सरला!” आणि फोन ठेवून दिला. माइक माझ्या हातात होता. ही बातमी सगळ्या स्टँडला द्यायचा मला केवढा मोह झाला, ते मलाच माहीत. मी नियमाप्रमाणे सामान सांभाळायला सांगितलं, पण फलाटावर झाडणारी बाई वर बघून म्हणाली, “काय गं, लग्न ठरलं का?”

पोट उतरत गेलं. आतडं वाचलं. भाऊजी घरी आले ते अर्धे होऊन. गणवेश अंगावर घालून पाहिला, तर त्यापेक्षा खुंटीवर बरा दिसत होता. ताईने बाथरूम ब्लीचच्या पाण्याने धुऊन काढलं, टॉवेल वेगळे केले, नळाशी साबणाची नवी वडी ठेवली आणि भाऊजींवर पहारा बसवला. “हात?” असं ती लांबून विचारायची. ते तळवे उलटेपालटे करून दाखवायचे.

डॉक्टरने आधीच सांगून ठेवलं होतं की पाचातल्या एखाद्याला हे दुखणं पुन्हा उलटतं. आमचे घड्याळ नेमके पाचातला तो एक निघाले. औषध संपून थोडे दिवस झाले आणि पुन्हा पोट ढिलं झालं. घरात सगळ्यांचे चेहरे पडले. पण मला सांगायचंय ते हेच. या वेळी भाऊजींनी ते लपवलं नाही. ताईला हाक मारली, “अगं, पुन्हा आलंय ते,” म्हणाले, आणि स्वतः चप्पल घालून दवाखान्यात गेले. वाटेतल्या औषधाच्या दुकानाकडे त्यांनी बघितलंही नाही. डॉक्टरने पुन्हा तेच औषध दिलं, जास्त दिवसांचं, हळूहळू कमी करत नेण्याचं. हेही जमलं नाही तर निरोगी माणसाच्या शौचातले चांगले जंतू आतड्यात सोडायचा उपाय असतो, असंही तिने सांगितलं. भाऊजींनी घाबरून माझ्याकडे पाहिलं. मी म्हणाले, “माझ्याकडे बघू नका, मी देणार नाही.” तशी वेळ आली नाही. या खेपेला ते बरे झाले, आणि बरेच राहिले.

गाडी हातात मिळण्याआधी डेपोने त्यांना हलकं काम म्हणून माझ्या शेजारच्या चौकशीच्या खिडकीवर बसवलं. मला वाटलं आता माझे नाकी नऊ येणार. आलेही. पण तिथे बसून त्यांनी पहिल्यांदा ते फोन ऐकले जे मी रोज ऐकते. टायर फुटला. कुणा बाळाला उलट्या होताहेत. एका आजोबांना चक्कर आली म्हणून गाडी दवाखान्याकडे वळवली. सुरुवातीला ते “बहाणे सगळे” म्हणायचे. नंतर तसं म्हणायचे बंद झाले. एकदा फोन मीच उचलला होता, घाटातला ड्रायव्हर सांगत होता की त्याचं पोट बिघडलंय. भाऊजींनी माझ्या हातातून फोन ओढून घेतला. “थांबव गाडी. नीट जाऊन ये. हँडब्रेक घेऊ नकोस, पोटाचा डॉक्टर गाठ. इथलं आम्ही बघतो.”

तेव्हापासून ते डेपोला असह्य झाले आहेत. कुणी शिंकलं की समोर उभे. “अँटिबायोटिक डॉक्टरांनी दिलं असेल तर सांगितलंय तसं पुरं घे. पण रिकामं पाकीट दाखवून आणू नको.” वरिष्ठांच्या मागे लागून त्यांनी घाटाखालच्या पेट्रोल पंपावरचा संडास ड्रायव्हरांसाठी उघडा करून घेतला आणि तिथे साबण ठेवायला लावला. साबण चोरीला जातो. ते नवा नेऊन ठेवतात. आणि पुन्हा शिव्या देतात.

मग त्यांना त्यांची गाडी परत मिळाली. पहिल्या दिवशी ताई फलाटावर आली होती. गणवेश आता अंगावर नीट बसत होता. खिशात कंगवा आणि पेन होतं. ते पायरीवर चढले, आरसा पुसला, स्टिअरिंगवरून एकदा हात फिरवला. मी घोषणा केली, आणि गाडी निघाली, नेहमीसारखी वेळेवर.

संध्याकाळी परतीच्या वेळेला मी काचेतून बघत बसले होते. फलाट रिकामा होता. गाडीची वेळ झाली. गाडी नाही. ताई बाकावरून उठून उभी राहिली. माझ्या डोळ्यांपुढे ते स्टिअरिंगवर टेकलेलं डोकं आलं. फोन वाजला. कंडक्टर होता, आणि चक्क हसत होता.

“घाटाखाली आहोत. पंपावर. भाऊंनी गाडी उभी केली, उठले आणि सगळ्या प्रवाशांकडे तोंड करून म्हणाले, ‘मंडळी, माझं पोट जरा कुरकुरतंय. मी जाऊन येतो. तुम्हालाही कुणाला जायचं असेल तर जाऊन या.’ अर्धी गाडी उतरली! आता हात धुताहेत. थांबा, तेच बोलतायत.”

फोनवर भाऊजींचा आवाज आला. दमलेला नव्हता, दुखरा नव्हता. नेहमीचाच, थोडा चिडका.

“ऐकतेस ना? उशीर होईल. सांगून टाक.”

मी काच सरकवून ताईला हाक मारली आणि बोटांनी ‘सगळं ठीक’ म्हणून खूण केली. ती मटकन बाकावर बसली आणि पदराने तोंड पुसलं. मी माइक चालू केला. भाऊजींच्या गाडीचं नाव घेतलं, आणि पुढचा शब्द, जो मी इतक्या वर्षांत त्या नावापुढे कधी लावला नव्हता, तो लावला. गाडी उशिराने येत आहे. फलाटावर दोघे-तिघे त्रासून घड्याळं बघायला लागले. मला मात्र इतका आनंद झाला होता की मी तीच घोषणा पुन्हा एकदा केली.